‘आयुर्वेदिक थाळी’ आणि आपले मौन

उपाहारगृहांच्या मेन्यूकार्डावर अलीकडे ‘आयुर्वेदिक थाळी’, ‘त्रिदोषशामक काढा’ अशी नावे झळकू लागली आहेत. शास्त्राचा प्रसार होत आहे म्हणून अनेक वैद्यबंधू त्यावर समाधान व्यक्त करतात. प्रस्तुत लेखकास त्या समाधानात सहभागी होता येत नाही.

लग्नाच्या वाढदिवसानिमित्त नुकताच अशा एका उपाहारगृहात सपत्नीक रात्रीच्या भोजनास जाण्याचा योग आला. (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, असे एखादे आता बहुतेक तालुक्यांच्या गावी सापडते.) साडेचारशे रुपयांची थाळी मागविल्यावर पाऊण तासाने आली. फुलके गार, भाजीवर तेलाचा तवंग, वरण पुन्हा तापविलेले. सोबत वाटीभर दही, केळी व अननसाचे काप घातलेले दुधाचे फ्रूट सॅलड आणि वाफाळत्या पाण्यात मध कालवलेला ‘डिटॉक्स’ काढा. डोक्यावर दूरदर्शन संच मोठ्या आवाजात सुरू. ‘‘अहो, घरी मुगाची खिचडी टाकली असती तर एव्हाना जेवून झालो असतो,’’ एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

गार जेवण ही ग्राहकाची तक्रार. ती व्यवस्थापकाकडे केली, त्याने ऐकून घेतली आणि विषय संपला. परंतु त्याच ताटावर ‘आयुर्वेद’ हे नाव असल्याने वैद्याची तक्रार शिल्लक राहते. रात्री दही खाऊ नये असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्पष्ट सांगितले आहे. दूध व आंबट फळे यांचा संयोग विरुद्धाहारात मोडतो, तर मध आणि उष्णता यांची संगती चरक व वाग्भट दोघांनीही निषिद्ध मानली आहे. उष्ण, स्निग्ध, योग्य मात्रेत आणि मन लावून जेवावे, हे विमानस्थानातील विवेचन तर आपण प्रथम वर्षापासून घोकत आलो आहोत. एका ताटात इतके नियम मोडलेले, आणि वर नाव आपले!

त्याहून खटकली ती टेबलावरची बाटली. एका फार्मसीचे हिंग्वाष्टक चूर्ण मुखवासासारखे बडीशेपेशेजारी ठेवले होते. भोजनाच्या प्रथम घासाबरोबर, तुपात कालवून घ्यावयाचे हे चूर्ण जेवणानंतर कोरडे तोंडात टाकून लोक उठत होते. बाटली पुरविणाऱ्याने दोन ओळींची सूचना चिकटविली असती तर विक्रीत काय घट झाली असती?

स्वयंपाक्याला संहिता कोठून ठाऊक असणार, असा बचाव केला जातो. तो मान्य आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी काय केले, हा खरा प्रश्न आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये ‘आयुर्वेद आहार’ विनियम अधिसूचित केले आणि त्यांत प्रमाणग्रंथांतील पाककृतींना आधार मानले. म्हणजे या शब्दामागे ग्रंथ असावा ही अपेक्षा शासनानेही मान्य केली आहे. आपण मात्र उद्घाटनाला जाऊन नारळ फोडतो आणि मेन्यूकार्ड न वाचताच परततो.

याचे परिणाम चिकित्सालयात दिसतात. आम्लपित्ताचा रुग्ण पथ्याविषयी विचारले असता ‘‘डॉक्टर, मी तर बाहेरही आयुर्वेदिकच खातो,’’ असे सांगतो. त्याला उपशय मिळाला नाही की दोष औषधाला, पर्यायाने शास्त्राला लागतो. उपाहारगृहाला कोणी विचारीत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील अशा थाळ्यांची यादी करावी, दोन वैद्यांनी मालकास भेटून ताट तपासावे आणि बदल लेखी द्यावेत. दह्याऐवजी दुपारी ताजे ताक, रात्री मुगाचे कढण. काढा कोमट झाल्यावरच मध. यात खर्च वाढत नाही. मालकाने ऐकले नाही तर ‘आयुर्वेदिक’ हा शब्द काढून ‘शाकाहारी थाळी’ लिहिण्यास सांगावे. त्या नावाला आपला आक्षेप असण्याचे कारण नाही. फार्मसीधारकांनी उपाहारगृहांना चूर्णे देताना सेवनविधी मराठीत छापावा. सल्ल्याचे शुल्क घ्यावे किंवा कसे, याविषयी मतभेद संभवतात. पहिल्या भेटीत घेऊ नये असे मला वाटते. अन्य सभासदांनी आपली मते पुढील अंकासाठी संपादकांकडे पाठवावीत.