व्याज टाळलं, पण पैसा कुठे गेला?

परदेशी विद्यापीठाची अर्ज-फी, परीक्षेची फी, एखादं सॉफ्टवेअर. आपल्या मुलांना आता डॉलरमध्ये पैसे भरावे लागतात. व्याजाच्या धास्तीने क्रेडिट कार्ड नको असतं. मग टेलिग्रामवरचा कुणी एजंट ‘व्हर्च्युअल डॉलर कार्ड’ देऊ करतो. पॅन-आधारचे फोटो पाठवा, क्रिप्टोत पैसे भरा, काम झालं!

व्याज नाही म्हणून हा व्यवहार हलाल ठरतो का? मला तसं वाटत नाही. इस्लामने व्याजाबरोबर ‘गरर’, म्हणजे धूसर, अनिश्चित सौदाही नाकारला आहे. कार्ड कुणी काढलं, पैसा कुणाकडे आहे, हेच ठाऊक नसेल तर दाद कुणाकडे मागणार?

सरळ वाट अवघड नाही. बँकेचं डेबिट कार्ड किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्ड घ्या. दोन्हींत पैसा आपलाच, उधारी नाही. डेबिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करता येतात, मर्यादा घालता येते, काम झालं की बंदही करता येतात. खर्च मात्र आधी विचारा. मार्कअप साडेतीन टक्के असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १०,००० रुपयांमागे ४१३ रुपये जादा जातात. क्वचित खरेदी असेल तर हे परवडतं. वारंवार असेल तर फॉरेक्स कार्ड पाहा. ते ऑनलाइन चालतं का आणि भरणा-शुल्क किती, हे विचारून घ्या.

मोहल्ल्यातल्या करिअर शिबिरांत आपण स्कॉलरशिपची माहिती देतो. त्यातली दहा मिनिटं या विषयालाही द्यायला हवीत.