संजीवनी की गामिनी?

भातकापणी उरकून शेते मोकळी झाली, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. याच दिवसांत उजाडण्यापूर्वी रस्त्यारस्त्यांवर दुसरीही एक स्पर्धा चाललेली दिसते. ती असते पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींची. कबड्डीच्या बक्षीस समारंभात पाहुणे म्हणून येणारे वक्ते या दोन्ही प्रकारच्या तरुणांना बहुधा एकच उपदेश करतात : जिद्द धरा, मेहनत करा, यश तुमचेच आहे. या उपदेशामागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातील हिशेब पटणे कठीण आहे.

२०२४ साली महाराष्ट्रात पोलीस दलातील सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे शंभर अर्जांमागे जागा एक. शिपाईपदाच्या परीक्षेत मैदानी चाचणीला ५० आणि लेखी परीक्षेला १०० गुण असतात. सर्वच उमेदवारांनी दुप्पट मेहनत केली, तरी जागा तेवढ्याच राहणार. फक्त निवडीसाठी लागणारे गुण वर सरकणार. मग उरलेल्या नव्व्याण्णवांना आळशी म्हणावयाचे काय? खेळाच्या मैदानावरही गणित याहून निराळे नाही. १६ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत १५ संघ पराभूत होऊनच घरी जातात. तेव्हा स्पर्धात्मक खेळ तरुणांना जर काही शिकवीत असेल, तर ते प्रामुख्याने हरण्याविषयीच असले पाहिजे. विजयाचा धडा थोड्यांच्या वाट्याला येतो. पराभवाचा मात्र प्रत्येकाच्या.

या दृष्टीने आपल्या मातीतील कबड्डीकडे पाहण्यासारखे आहे. या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार जुन्या जाणकारांना परिचित आहेत. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. केवळ गुण मोजला जातो. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी परत मैदानात येतो. आज जगभर जी कबड्डी खेळली जाते, तिने संजीवनीचे हे तत्त्व स्वीकारले आहे. बाद होणे ही त्या खेळात शिक्षा आहे, पण ती जन्मठेप नाही. शिवाय बाहेर बसलेला गडी स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. मैदानात उरलेल्या सोबत्याने गुण मिळवावा लागतो. हा साधा नियम पुष्कळ मोठे शहाणपण सांगून जातो.

पराभवानंतर परत येणे म्हणजे काय, याची उदाहरणे ताजी आहेत. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष कबड्डी संघाने ओळीने सात सुवर्णपदके मिळविली. २०१८ मध्ये जकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने त्याला २७-१८ असे हरविले. त्याच वेळी महिलांच्या अंतिम सामन्यातही भारत इराणकडून पराभूत झाला. आणि त्या विजयी इराणी संघाच्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. कौशल्य कोणाच्या मालकीचे नसते, ते जेथे काम मिळते तेथे जाते, हे यावरून कळावे. पुढे २०२३ मध्ये हांगझो येथे भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक परत मिळविले. आपल्या तालुक्यांपासून फारशा दूर नसलेल्या नेरूळच्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेत त्यांनी ओळीने तीन सामने गमावले होते. साखळी पद्धतीत तीन पराभव पचविता येतात. बाद पद्धतीत पहिल्याच पराभवाने सारे संपले असते. गुण खेळाडूंचे खरेच, पण नियमाने त्यांना परत येण्यास जागा ठेवली होती हेही तितकेच खरे.

नियमाइतकाच सोबत्याचा वाटा असतो. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही हकीकत शिक्षकवर्गाने विसरता कामा नये. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरल्यापासून ऑलिंपिक गाठीपर्यंत सुमारे १२ वर्षे गेली. त्यातील बरीच वर्षे तो, ज्या मध्य रेल्वेने आपली मुले रोज कर्जत-खोपोलीहून कामाला जातात, त्याच रेल्वेच्या नोकरीत होता. चिकाटीला पगाराचा आधार होता म्हणून ती टिकली.

आपल्या तरुणांची स्पर्धा मात्र बव्हंशी गामिनीच्या नियमाने चालते. भरतीत नाव न लागलेला मुलगा घरी आला, की नातलगांच्या नजरेतून तो बाद ठरतो आणि पुढच्या भरतीपर्यंत बाहेरच बसून राहतो. काहींना तर सुरुवातीची रेषाही लाभत नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुले नेमक्या कबड्डीच्या हंगामात गाव सोडून गेलेली असतात. जो मैदानात उतरलाच नाही, त्याला खिलाडूवृत्तीचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? दुसऱ्या टोकाला, खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ठेवलेल्या ५ टक्के जागांकरिता बनावट प्रमाणपत्रे सादर झाल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. खरा खेळाडू तेथे पंचांच्या डोळ्यांदेखत लुटला जातो.

म्हणून तरुणांना सांगण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली ही, की पराभवाचा हिशेब मांडावा. चढाई कोठे फसली हे गडी त्याच संध्याकाळी सोबत्यांना विचारतो. परीक्षार्थीनेही गुणपत्रिका दडवून ठेवण्यापेक्षा ती तशीच वाचावी. दुसरी ही, की हंगामाला शेवट असतो. भरतीच्या तयारीत गेलेल्या वर्षाची किंमत केवळ क्लासच्या फीइतकी नसते. त्या वर्षात न मिळालेली मजुरी आणि न शिकलेले काम तीत मिळवावे लागते. किती प्रयत्न करावयाचे हे आधीच ठरवून, सोबत एखादे कसब हाताला लावून घेणे यात भ्याडपणा मुळीच नाही. चढाईला गेलेला गडी श्वास संपण्यापूर्वी मध्यरेषेकडे वळतो. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही.

आणि वडीलधाऱ्यांना सांगण्याजोगी गोष्ट एकच. गावच्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकाच्या रोख बक्षिसासाठी जी वर्गणी उत्साहाने गोळा होते, तिचा थोडा भाग वर्षभर चालणाऱ्या सरावाकडे, शाळेच्या मैदानाकडे आणि मुलींच्या संघाकडे वळवावा. हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात सामना मिळेल अशी साखळी स्पर्धा दोनचार गावांनी मिळून भरवावी. भरतीतून परतलेल्या मुलाला 'पुन्हा केव्हा?' असे विचारण्याआधी 'आता काय शिकतोस?' असे विचारावे. बाहेर बसलेला गडी परत आत यावा, यासाठी आतल्यांनी गुण मिळवावयाचा असतो. कबड्डीचा हा नियम गावाला पाठ आहे. तो मैदानाबाहेर पाळणे तेवढे राहिले आहे.