माव्यावर फवारणीची घाई नको

रब्बीच्या हंगामांत करडईवर अगर ज्वारीवर मावा दिसला कीं दुसऱ्याच दिवशीं पंप पाठीवर चढवावयाचा, अशी रीत गांवोगांवीं पडली आहे. ही घाई आम्हांस हितावह वाटत नाहीं. औषध आणण्यापूर्वीं शेतांत ढालकिडे किती आहेत हें पाहावें, असें आमचें मत आहे.

मसुराच्या दाण्याएवढा, ढालीसारखा फुगीर, नारिंगी पाठीवर काळे ठिपके अगर नागमोडी रेघा असलेला हा किडा बहुतेकांस ठाऊक असतो. त्याची अळी मात्र थोडेच ओळखतात. ती काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची व सुसरीच्या पिलासारखी दिसते. म्हणून तिलाच कीड समजून चिरडतात. वस्तुतः ही अळी कोशांत जाईपर्यंत शेंकडों मावे खाते व किडा झाल्यावरही तिचा आहार तोच राहतो. वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगा याच कुळांतला, पण शत्रु होय. त्याची पाठ निस्तेज व लवयुक्त, तर ढालकिड्याची चकचकीत असते.

माव्याची मादी नरावांचून जिवंत पिलें देते व तीं आठ-दहा दिवसांत स्वतः वितात. ढालकिड्याच्या एका पिढीस मात्र तीन-चार आठवडे लागतात. म्हणून जहाल औषधानें दोघेही मेले म्हणजे आधीं मावाच परततो. कॅलिफोर्नियांत असाच अनुभव आला. तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या खवलेकिडीनें बुडत असतां १८८८ सालीं आल्बर्ट कोबेल यांनीं ऑस्ट्रेलियांतून ढालकिड्याची रोडोलिया ही जात धाडली व थोड्याच काळांत बागा सावरल्या. पुढें १९४६ च्या सुमारास डीडीटी फवारतांच हे किडे मेले आणि दबलेली कीड पुन्हां उसळली.

वाट पाहण्यांत पीक जाईल, असा आक्षेप येईल. करडईच्या बाबतींत तो अगदींच खोटा नाहीं. परंतु तेथें मावा प्रथम बांधाकडील ओळींवर येतो. त्या वेळीं वीसेक झाडें नीट न्याहाळावीं. ढालकिडे व अळ्या भरपूर असतील तर चार दिवस थांबून पुन्हां पाहावें. मावा वाढतच असेल तर तेवढ्याच ओळींवर औषध मारावें. सबंध शेत भिजविल्यानें खर्च वाढतो व शेजाऱ्याच्या शेतांतून आलेले ढालकिडेही मरतात. सबब एका शिवारांतील खातेदारांनीं हा विचार एकमेकांशीं बोलून, एकमतानें करावा, अशी आमची विनंती आहे.