‘नाटकी’ म्हणण्याआधी

यावलच्या आपल्या वस्त्यांमध्ये एखादं तरुण पोर सकाळी आईच्या गळ्यात पडतं, दुपारी तिच्यावरच धावून जातं आणि रात्री हातावर ब्लेड ओढून घेतं. शेजारीपाजारी म्हणतात, नाटकी आहे, घरच्यांना नाचवतंय. हा शिक्का आम्हाला मान्य नाही.

सोडून दिलं जाण्याची भीती, अनावर राग, आतून रिकामं वाटणं, स्वतःला इजा करणं ही ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकाराची लक्षणं असू शकतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

मानसशास्त्रात २००२ पासून तीन वाईट स्वभावांची एकत्र चर्चा होते: अहंकार, कावेबाजपणा आणि निर्दयपणा. या रुग्णांचं वागणंही कधी कधी तसंच दिसतं. फरक आतला आहे. सहानुभूतीचे दोन भाग असतात. एक, समोरच्याच्या मनातलं ओळखणं. दुसरा, त्याच्या दुःखानं आपलं मन हलणं. निर्दय माणूस ओळखतो, पण हलत नाही. या रुग्णांचं बरेचदा उलट होतं. मन फार हलतं, पण ओळखण्यात चूक होते. आई केळीच्या बागेतून थकून आली आणि गप्प बसली, तर पोराला वाटतं, मी हिला नकोसा झालो. मग भांडण पेटतं.

म्हणून घरच्यांनी मारहाण सोसावी, असं आम्ही म्हणत नाही. ‘हात उचलायचा नाही’ हे ठामपणे सांगा; पण राग शांत झाल्यावर, टोमणा न मारता. मरणाची भाषा मात्र कधीच खोटी समजू नका.

हा त्रास कमी होतो. अमेरिकेतील मॅक्लिन रुग्णालयानं २९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला. २०१० च्या अहवालानुसार ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं ओसरलेली होती. या विकारावरची प्रभावी उपचारपद्धती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहन यांनी २०११ साली जाहीर सांगितलं की, तरुणपणी त्या स्वतःच स्वतःला इजा करत होत्या.

तेव्हा भगताच्या अंगाऱ्यावर पैसे घालवू नका. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, मराठीतही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात दाखवा. सरकारी मानसिक उपचार हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला आपला हक्क आहे. मोडलेल्या हाताला आपण दवाखान्यात नेतो. दुखावलेल्या मनालाही तिथंच न्यायला हवं.