समुद्रातील हाक आणि किनाऱ्यावरील कान

१७ जुलै १९४७ च्या सकाळी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अपघाताचे ठिकाण मुंबई बंदरापासून अवघ्या काही मैलांवर होते. मदतीला धावून जाऊ शकतील अशा नौका बंदरात होत्या. नव्हते ते एवढेच, की ‘रामदास’वर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बोट बुडाल्याची वार्ता मुंबईस कळायला त्यामुळे कित्येक तास लागले. मदत दूर होती म्हणून नव्हे, तर मदतीची हाक पोहोचू शकली नाही म्हणूनही माणसे मरतात, हा त्या दुर्घटनेचा धडा कोकण किनाऱ्यावरील जुन्या पिढीला कोणी वेगळा शिकवावा लागला नाही.

त्या काळी बिनतारी यंत्र म्हणजे स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र कारकून यांचे काम होते. आज तेच यंत्र एखाद्या जाड पुस्तकाएवढ्या पेटीत मावते आणि दहा-बारा मीटरच्या मासेमारी नौकेलाही ते बसवता येते. तेव्हा प्रश्न साधनाच्या अभावाचा उरलेला नाही. तो निवडीचा आणि जोडणीचा आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू होतो, तेव्हा नाखव्याच्या डोक्यावर जाळी, इंजिनाची दुरुस्ती, डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल या खर्चांचे ओझे असते. संदेशयंत्राची आठवण या यादीच्या शेवटी येते. ती आली तरी दुकानात दोनच प्रश्न विचारले जातात : किंमत किती आणि वॅट किती? वास्तविक हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. आता प्रत्येक तांडेलाच्या खिशात मोबाइल फोन आहे, मग निराळे यंत्र कशासाठी, असे विचारले जाते. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु मोबाइलचे मनोरे वस्तीसाठी उभारलेले असतात. किनारा काही मैल मागे पडला की त्यांचा आधार सुटतो. दुसरे असे की, फोन एका माणसाला केला जातो. तो झोपलेला असेल, त्याने फोन उचलला नाही, तर हाक वाया गेली. व्हीएचएफ संचावर मात्र एक जण बोलतो आणि टप्प्यातील सारे ऐकतात. बुडणाऱ्या नौकेचा पहिला तारणहार बहुधा दोन-तीन मैलांवर जाळे ओढत असलेला दुसरा मच्छीमारच असतो, आणि त्याचा फोन क्रमांक ठाऊक असेलच असे नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक अत्यंत उपयुक्त आहे. तथापि तो लागण्यासाठीही फोनला संपर्क मिळावा लागतो.

उपग्रहाच्या साधनांचेही असेच आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र तयार केले, आणि संदेश पोहोचल्याची पोच नौकेवर देणारी त्याची दुसरी आवृत्ती पुढे आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथील समारंभात देशभरातील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. ही प्रगती स्वागतार्हच आहे. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले तेव्हा खोल समुद्रात आधीच गेलेल्या केरळ-तामिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचवता आला नव्हता. व्हीएचएफच्या टप्प्यापलीकडील अशा नौकांना उपग्रहावाचून तरणोपाय नाही. परंतु उपग्रहाचे यंत्र किनाऱ्याशी बोलते, शेजारच्या नौकेशी नाही. यास्तव ही दोन साधने परस्परांची स्पर्धक नसून पूरक आहेत.

आता निवडीकडे वळू. हातात धरण्याचा संच पाच-सहा वॅटचा असतो, तर नौकेवर कायम बसविण्याचा पंचवीस वॅटचा. पाचपट शक्ती म्हणजे पाचपट अंतर, असा समज त्यामुळे होतो आणि तो चुकीचा आहे. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून शाळेत शिकविले जाते, की दूर जाणाऱ्या जहाजाचा तळ आधी दिसेनासा होतो आणि डोलकाठी शेवटी. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांनाही हाच नियम लागू पडतो. त्यांचा टप्पा ठरतो तो मुख्यतः अँटेनाच्या उंचीवरून. नौकेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील संच पाण्यापासून दोन मीटरवर असतो; अशा दोघांचे बोलणे साधारण सहा सागरी मैलांवर संपते. चार मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन नौका सुमारे नऊ मैलांपर्यंत बोलू शकतात. आणि किनाऱ्यावरील शंभर मीटर उंचीच्या डोंगरावर ऐकणारे केंद्र असेल, तर हाच टप्पा पंचवीस मैलांच्या आसपास जातो. हे हिशोब निर्वेध परिस्थितीचे आहेत. पण त्यांचा बोध स्पष्ट आहे. पंचवीस वॅटचा उपयोग टप्प्याच्या कडेवर आवाज ठळक राहण्यासाठी होतो. कायम बसविलेल्या संचाचे खरे बळ त्याच्या पेटीत नसून डोलकाठीच्या टोकावर आहे.

म्हणूनच पेटीवर जितका खर्च करावयाचा, तितकीच काळजी अँटेना आणि त्याच्या तारेची घ्यावयास हवी. बारीक, स्वस्त केबल दहा मीटर लांब घातली तर संचातून निघालेल्या शक्तीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग वाटेतच नाहीसा होतो. जाड केबलमध्ये ही गळती निम्म्याने कमी होते. अधिक वर्धनाचा म्हणून महाग विकला जाणारा अँटेना लहान नौकेला बरेचदा गैरसोयीचाच ठरतो. तो लहरी अरुंद पट्ट्यात फेकतो, आणि नौका डोलू लागली की तो पट्टा कधी आकाशात तर कधी पाण्यात जातो. खाऱ्या हवेने केबलचे जोड गंजतात. संच बिघडला अशी तक्रार होते तेव्हा दोष पुष्कळदा संचात नसून याच जोडात असतो.

तिसरी गोष्ट बॅटरीची. बोलत असताना पंचवीस वॅटचा संच बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच-सहा अँपिअर वीज ओढतो. नुसते ऐकताना त्याचा दहावा हिस्सादेखील लागत नाही. बारीक तारेने जोडलेला संच ऐकतो उत्तम आणि बोलू लागताच बंद पडतो, याचे कारण हे आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा बॅटरीच्या जागेचा. नौकेत पाणी शिरू लागले की ते सर्वांत आधी तळाशी साचते, आणि बॅटरी बहुतेक वेळा तिथेच, इंजिनाच्या शेजारी, ठेवलेली असते. ज्या घटकेसाठी संच घेतला त्याच घटकेस तो मुका होणार असेल, तर घेतल्याचा उपयोग काय? संचासाठी निराळी बॅटरी उंचावर, घट्ट बांधून ठेवणे हा फारसा खर्चाचा उपाय नाही. संचाच्या कर्ण्यात चुंबक असतो, तेव्हा तो होकायंत्राच्या अगदी शेजारी बसवू नये, हेही सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट तांबड्या कळीची. आजच्या संचावर झाकणाखाली एक तांबडी कळ असते. ती दाबून धरली की वाहिनी ७० वरून नौकेचा ओळख क्रमांक आणि तिचे स्थान सांगणारा संकटसंदेश आपोआप जातो. तांडेलाला बोलण्याची उसंत मिळाली नाही तरी चालते. परंतु ही सोय दोन अटींवर अवलंबून आहे. एक म्हणजे संचात नौकेचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक भरलेला हवा. भारतीय नौकांचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. दुसरे म्हणजे संचात जीपीएस अंतर्भूत हवे किंवा बाहेरच्या जीपीएसशी तो तारेने जोडलेला हवा. क्रमांक न भरता तांबडी कळ निरुपयोगी असते, आणि स्थानाशिवाय गेलेला संदेश म्हणजे पत्त्यावाचून धाडलेली तार. वाहिनी ७० वर सतत कान ठेवणारा स्वतंत्र ग्राहक असलेला, ‘क्लास डी’ प्रतीचा संच आणि त्यातच बसविलेले जीपीएस, एवढी खातरजमा खरेदीच्या वेळी केली तर बाकीच्या रंगीत पडद्यांचा मोह सोडता येईल.

अर्थात सर्वांना एकच माप लावता येणार नाही. खाडीच्या मुखाशी वावरणाऱ्या, केबिन नसलेल्या उघड्या होडीवर कायमचा संच बसवावा कुठे आणि त्याचे लाटांपासून रक्षण करावे कसे? अशा होडीसाठी पाण्यावर तरंगणारा, जलरोधक हातसंच हाच शहाणपणाचा पर्याय आहे. केबिन असलेल्या नौकेने मात्र कायमचा संच घ्यावा आणि जमल्यास हातसंच जोडीला ठेवावा, कारण नौका सोडण्याची वेळ आली तर भिंतीला बसविलेली पेटी बरोबर नेता येत नाही.

इथवरचा विचार नाखव्याच्या अखत्यारीतला झाला. यापुढचा त्याच्या एकट्याच्या हातात नाही. बिनतारी संचास परवाना लागतो आणि त्याचे काम दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा पाहते. ओळख क्रमांकासाठी निराळा अर्ज करावा लागतो. या कामांची भाषा समुद्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाची भाषा नव्हे. दुकानदार संच विकून मोकळा होतो, अर्ज राहून जातो आणि तांबडी कळ शोभेपुरती उरते. किनाऱ्यावरच्या गावातील शिक्षक, मच्छीमार संस्थेतील कारकून आणि महाविद्यालयात शिकणारी कोळ्यांची मुले यांना येथे फार मोठे काम करता येण्यासारखे आहे. वर्गात पृथ्वीचा गोलाकार शिकविणाऱ्या शिक्षकाने अँटेनाच्या उंचीचा हिशोब गावातल्या तांडेलांना समजावून दिला, तर ते विज्ञानशिक्षणाचे उत्तम प्रात्यक्षिक ठरेल.

तितकेच अगत्य शिस्तीचे आहे. वाहिनी १६ ही संकटाची आणि प्रथम हाक मारण्याची वाहिनी. तिच्यावर मासळीच्या भावाच्या गप्पा आणि गाणी सुरू राहिली, की कंटाळलेला तांडेल आवाज बंद करतो आणि त्या क्षणी एक कान कमी होतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडत असताना ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज काही मैलांवरच थांबलेले होते. त्याच्यावर बिनतारी यंत्र होते, ते चालवणाराही होता. पण तो एकटाच असल्यामुळे दिवसाचे काम संपवून झोपी गेला होता. त्यानंतर १९१४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या जहाजांवर अखंड ऐकण्याची तरतूद करण्यात आली. मासेमारीच्या लहान नौका मात्र आजच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या संदेशवहनविषयक तरतुदींतही येत नाहीत. त्यांची सुरक्षितता प्रत्येक देशाच्या नियमांवर आणि मालकाच्या विवेकावर सोपविलेली आहे.

म्हणून शासनाच्या साह्याचे स्वरूपही तपासले पाहिजे. पेटी वाटणे सोपे असते. तिची संख्या मोजता येते आणि समारंभ करता येतो. परंतु जाड केबल, उंचावरील बॅटरी, भरलेला क्रमांक आणि तांडेलाला शिकविलेला अर्धा तास यांचे छायाचित्र निघत नाही. अनुदान द्यावयाचे तर ते संचाच्या पावतीवर न देता, नौकेवर बसवून, क्रमांक भरून, चालवून दाखविलेल्या संचावर द्यावे. किनाऱ्यावर उंच जागी अँटेना उभारून रात्रंदिवस ऐकणारी माणसे बसविणे हा त्याच योजनेचा भाग मानला पाहिजे. ऐकणारा नसेल तर नौकेवरील सर्वांत महागडा संचही मुकाच.

आणि जे करण्यास शासनाची वाट पाहावी लागत नाही, ते तरी व्हावे. हंगामाच्या पहिल्या दिवशी, नौका बंदराबाहेर पडण्यापूर्वी, प्रत्येक नाखव्याने वाहिनी १६ वर हाक देऊन लगेच दुसऱ्या वाहिनीवर जावे आणि तिथे आपला आवाज शेजारच्या नौकेवर नीट पोहोचतो की नाही ते पाहावे. नौकेचे नाव, स्थान, संकटाचे स्वरूप आणि नौकेवरील माणसांची संख्या या क्रमाने मदत कशी मागावी, हे तांडेलाबरोबर किमान एका खलाशाला पाठ असावे; कारण समुद्रात पडणारा माणूस तांडेलच असू शकतो. संस्थेच्या कारकुनाने त्या दिवशी वही उघडून कोणाचा संच बोलला आणि कोणाचा नाही याची नोंद करावी. ज्याचा बोलला नाही त्याने जोड तपासून मगच नांगर उचलावा. नारळ वाहून दर्याला शांत होण्याची विनंती करणाऱ्या समाजाने त्याच दिवशी ही एक परीक्षाही घ्यावी, यात परंपरेला बाध येण्यासारखे काही नाही.