विश्लेषण : साहाय्यक ‘लाइन कोच’ ते तीन सुपर बोल… अँडी रीड यांची कारकीर्द काय सांगते?

अमेरिकी फुटबॉलमधील ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून तीन वेळा सुपर बोल जिंकणारे अँडी रीड १९९२ मध्ये या लीगमध्ये आले, ते ग्रीन बे पॅकर्स संघाचे साहाय्यक ऑफेन्सिव्ह लाइन प्रशिक्षक म्हणून. प्रेक्षकांना नावही ठाऊक नसते असे हे पद. पण अंतिम सामन्याचा निकाल अनेकदा याच विभागात ठरतो. तो कसा, आणि तरीही या प्रशिक्षकांना बढतीची वाट अरुंद का, याविषयी…

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे काय?

अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाचे पाच धिप्पाड खेळाडू एका रांगेत उभे राहतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. धावणाऱ्या खेळाडूला वाट करून देणे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना पोहोचू न देणे हे त्यांचे काम. कबड्डीत साखळीतील एकाचा हात सुटला की चढाईपटू निसटतो, तसेच येथे आहे. पाचपैकी एक चुकला तरी बाकी चौघांची मेहनत वाया जाते.

साहाय्यक प्रशिक्षक नेमके काय करतो?

व्यूहरचना मुख्य प्रशिक्षक आणि आक्रमण समन्वयक ठरवतात. लाइन प्रशिक्षक ती पाच जणांकडून घोटून घेतो. त्याच्या हाताखालचा साहाय्यक प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती तपासतो, कोण कोठून धावून येईल याचे आडाखे बांधतो आणि नवोदितांकडून पायांची ठेवण, हातांची पकड यांचा सराव करून घेतो. प्रतिस्पर्ध्याला बेकायदा पकडून ठेवल्यास दहा यार्डांचा दंड बसतो. त्यामुळे तंत्रातील बारीक चूकही महागात पडते.

रीड येथपर्यंत कसे पोहोचले?

रीड स्वतः ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून याच रांगेत खेळले. तेथेच १९८२ मध्ये त्यांनी प्रशिक्षणाची उमेदवारी सुरू केली. पुढील नऊ वर्षांत त्यांनी चार विद्यापीठांत लाइन प्रशिक्षक म्हणून काम केले. १९९२ मध्ये माइक होल्मग्रेन पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी रीड यांना बोलावून घेतले. दोघांची ओळख ब्रिगहॅम यंगमधलीच. टाइट एंड या जागेवरील खेळाडूंची जबाबदारीही रीड यांच्याकडे होती. १९९६च्या हंगामात पॅकर्सने सुपर बोल जिंकला.

१९९९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. तेथे १४ हंगाम काढल्यानंतर २०१३ मध्ये ते कॅन्सस सिटी चीफ्सकडे आले. दोन वेगवेगळ्या संघांसोबत प्रत्येकी शंभर विजय मिळवणारे ते पहिले प्रशिक्षक ठरले.

भिंत कोसळली की काय होते?

याचे उत्तर रीड यांच्याच कारकीर्दीत सापडते. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सचे दोन्ही नियमित टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते. पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक असूनही संघाला एकही टचडाऊन करता आला नाही आणि टॅम्पा बेविरुद्ध ९-३१ असा पराभव झाला. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात पाचही जागांवर नवे खेळाडू दिसले. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात ईगल्सच्या बचावफळीला महोम्सला एकदाही चेंडूसह पाडता आले नाही आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले.

दोन वर्षांनी फासे उलटले. २०२५ मध्ये ईगल्सने महोम्सला सहा वेळा पाडले आणि ४०-२२ अशी बाजी मारली. त्या ईगल्सच्या रांगेत जॉर्डन मायलाटा होता. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा मायलाटा २०१८ मध्ये निवडला गेला, तेव्हा त्याने अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. लाइन प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांनी त्याला घडवले.

तरीही बढतीची वाट अरुंद का?

संघमालक मुख्य प्रशिक्षक निवडताना आक्रमणाच्या चाली ठरवणाऱ्या किंवा क्वार्टरबॅक घडवणाऱ्यांकडे अधिक पाहतात. रीडही यास अपवाद नाहीत. १९९७ मध्ये ते पॅकर्सचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी ईगल्सचे दार उघडले. एनएफएलमधील समन्वयकपदाचा अनुभव नसताना झालेली ती निवड तेव्हा धाडसी मानली गेली. शिवाय मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली, की बहुतेकदा साहाय्यकांनाही बिऱ्हाड हलवावे लागते. खेळाडूंप्रमाणे त्यांना सामूहिक कराराचे संरक्षण नाही.

पाच जणांना एकाच क्षणी एकच निर्णय घ्यायला शिकवणे हे संपूर्ण संघ चालवण्याचेच छोटे रूप आहे. रीड यांनी ते दहा वर्षांहून अधिक काळ केले. मात्र ही पात्रता मालकांच्या नजरेत भरण्यासाठी त्यांनाही आधी क्वार्टरबॅकशेजारी जाऊन उभे राहावे लागले.