गुरू नव्हे, प्रशिक्षक

चंद्रकांत पंडित यांच्याविषयी मराठीत लिहिताना ‘गुरू’ हा शब्द हटकून येतो आणि तो मला खटकतो. अचलपुराहून ऋद्धपूर फार दूर नाही; गुंडम राउळांच्या या मुलखात गुरूशी नाते एकदा जडले की ते करारनाम्याने संपत नाही. पंडित मात्र निघून जातात. मुंबईला रणजी करंडक मिळवून देऊन ते विदर्भाकडे आले. २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक विदर्भाला देऊन पुढे मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्या संघालाही पहिला करंडक मिळाला, तोही मुंबईला हरवून. बंगळूरच्या त्याच मैदानावर १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते.

एवढे कथाद्रव्य समोर असताना आपण आरती का लिहितो? पंडित स्वतः रमाकांत आचरेकरांचे विद्यार्थी. घोटाळा बहुधा तिथूनच सुरू होतो. आचरेकर शिवाजी पार्कला रुजले होते, पंडित हे फिरते व्यावसायिक. अमेरिकेत फुटबॉलच्या अशा फिरत्या प्रशिक्षकांवर ढीगभर चरित्रे निघतात, त्यांत हकालपट्ट्याही असतात.

इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे प्रथमश्रेणी पदार्पण झाले. एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि थेट अंतिम सामना! आदल्या रात्री त्या निवडीवर काय वाद झाला असेल, कोण घाबरले असेल, हे मला वाचायचे आहे. ‘गुरुकृपा’ म्हटले की ती रात्रच पुसली जाते.